पेटीनं न खाल्लेली पळी

माझ्या धाकट्या बहिणीचा, कुंदाचा, पहिला विमानप्रवास मी उधळून लावला. चुकून नाही, पोरकटपणानं नाही; ठरवून, मोजून तीन दिवस त्याची तयारी करून. त्या दिवसाचा दोष घरातल्यांनी कुंदाच्या आजाराला दिला, नातेवाइकांनी तिच्या नशिबाला दिला, आणि मी तो तसा दिला जाऊ दिला. बाबा गेले, नंतर आई गेली. दोघांनाही मी हे सांगितलं नाही. आणि पश्चात्तापाची भाषा वापरण्याआधी आणखी एक गोष्ट कबूल केली पाहिजे. पुढे कितीतरी वर्षं या कृत्याचा मला आतून अभिमान होता. सूड पुरता झाल्याची एक ऊब असते. ती मी फार जपली.

आम्ही रायपूरला पुरानी बस्तीत राहत होतो. रस्त्याला लागून पुढची खोली, मधे स्वयंपाकघर आणि मागे फरशीचं अंगण, एवढंच घर. अंगणाच्या कोपऱ्यात अंघोळीच्या पाण्याचा तांब्याचा बंब होता आणि त्याच्या धुरानं पलीकडची भिंत कायमची काळी झालेली होती. सकाळ देवळांच्या घंटांनी सुरू व्हायची, आणि दहाच्या सुमारास गल्लीच्या तोंडाशी बिसाहू भैयाची आटाचक्की चालू झाली की आमच्या फडताळातल्या कपबश्या बारीक आवाजात थरथरू लागायच्या. न्याहारीला मुर्रा, म्हणजे कुरमुरे, असत, कच्चं तेल, कांदा आणि तिखट लावून. रविवारी आई पातोडीचा रस्सा करी आणि त्याचा मसाला भाजल्याचा वास शेजाऱ्यांना आमच्याकडे खेचून आणी. बाबा सिंचन खात्यात हेडक्लार्क होते. मोजकं बोलत. ऑफिसातून आले की सायकल भिंतीला टेकवताना पहिला प्रश्न तोच: "कुंदानं जेवलं का?" मी जेवलो का, हे त्यांनी विचारल्याचं मला आठवत नाही. विचारलंही असेल. सुडानं भरलेली आठवण आपल्याला हवं तेवढंच ठेवून घेते, हे मला आता कळतं.

कुंदा तेव्हा नऊ वर्षांची होती. आज डॉक्टर तिच्या अवस्थेला स्वमग्नता म्हणतात. तेव्हा आमच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, तिच्यासाठी जे शब्द होते ते लिहिण्याजोगे नाहीत. ती थोडं बोले, आणि जे बोले ते कधी वाया घालवत नसे. देवघरातली तीर्थाची पितळी पळी तिनं फार लहानपणी ताब्यात घेतली होती. ती पळी दिवसभर तिच्या मुठीत असे. मन बिथरलं की ती पळीचा गार गोल गालावर फिरवी आणि शांत होई. आईनं शेवटी देवाला दुसरी पळी आणली. नवी गोष्ट कुंदाला सहन होत नसे, पण तिला शिकवायची एक रीत मला सापडली होती. कोणतीही नवी गोष्ट तिच्यासमोर अगदी त्याच क्रमानं, त्याच शब्दांत तीनदा करायची. पहिल्या वेळी ती किंचाळे आणि मग बोट वर करून म्हणे, "एक." दुसऱ्या वेळी कान झाकून बघे: "दोन." तिसऱ्यांदा "तीन" म्हटलं की ती गोष्ट कायमची तिची झाली. मधे एखादा शब्द बदलला तर ती मान हलवून "नाही" म्हणे, आणि ती खेप मोजली जात नसे. केस कापून घेणं, चप्पल घालणं, पावसात छत्रीखाली चालणं, हे सगळं मी तिला असंच शिकवलं. ती फक्त माझ्याकडून शिकत असे. आई कौतुकानं म्हणायची, "विलासशिवाय हिचं पान नाही हालत." ते कौतुक मला बेडीसारखं वाटे.

कारण मला क्रिकेट खेळायचं होतं. मी सतरा वर्षांचा होतो, चेंडू चांगला वळवत होतो, आणि जिल्ह्याच्या संघात माझं नाव येणार असं सर म्हणाले होते. एका रविवारी आई-बाबा एका लग्नाला गेले आणि कुंदाजवळ बसायचं काम माझ्याकडे आलं. मी तिला मैदानावर नेलं, कडुलिंबाखाली बसवलं आणि गोलंदाजीला गेलो. दोन षटकांनी वळून बघितलं, तर झाडाखाली कुणी नव्हतं. ती सापडली बुढा तालाबच्या पायरीवर, घोट्यापर्यंत पाण्यात, पळी धूत बसलेली. कपडे धुणाऱ्या एका बाईनं तिच्या फ्रॉकचं टोक धरून ठेवलं होतं. मी तिला घेऊन मैदानावर परतलो, तोवर बातमी बाबांपर्यंत पोचली होती. ते लग्नाच्या कपड्यांत सायकलवरून मैदानात आले, सायकल तशीच पडू दिली, आणि दोन्ही संघांच्या देखत त्यांनी माझ्या कानाखाली वाजवली.

"तुले एक काम सांगितलं होतं ना बे? एक! धर कान. काढ उठाबशा. मोठ्यानं मोज."

मी मोजल्या. वीस. बारानंतर माझा आवाज फाटला आणि सीमारेषेवरचा कुणीतरी हसला. तो कोण होता हे मला अजून माहीत आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो तर अंगणातल्या बंबातून माझ्या बॅटची मूठ बाहेर आलेली दिसली. बाकीची बॅट आत जळत होती. बाबा समोर उभे होते. म्हणाले, "पाणी तापलं. घे अंघोळ करून." त्या पाण्यानं मी अंघोळ केली. त्याहून गरम पाणी मी पुढे कधी अंगावर घेतलं नसेन.

दोन दिवस मी जेवलो नाही. आई कळवळून म्हणाली, "पोट्टा उपाशी हाये हो." आतून बाबांचं उत्तर आलं, "भूक लागली का जेवीन." त्या दिवसापासून मी बाबांचा हिशेब चुकता करण्याच्या विचारात झोपत आणि उठत असे. त्यांच्या सायकलीची हवा काढली, चष्मा लपवला, ऑफिसला निघताना त्यांच्या डब्याची चपटी वाटी पालथी केली. या चिल्लर सुडांनी तहान वाढतच गेली. मला त्यांच्याकडून असं काही हिरावून घ्यायचं होतं जे पुन्हा मिळत नाही. जे जळताना त्यांनाही समोर उभं राहून बघावं लागेल. सांगायला लाज वाटते, पण तशी गोष्ट कोणती हे मी थंड डोक्यानं शोधत होतो.

ती आयती चालून आली. मुंबईच्या मामानं कळवलं की कुंदासारख्या मुलांसाठी तिथं एक शाळा आहे, शब्द टाकून त्यानं एक जागा धरून ठेवली आहे, आई आणि कुंदा त्याच्याकडे राहतील. मात्र ठरल्या दिवशी मुलीला प्रत्यक्ष आणून दाखवायचं. नाहीतर जागा दुसऱ्याला जाईल. रेल्वेचा प्रश्नच नव्हता. मागल्या वर्षी आम्ही प्रयत्न केला होता. इंजिनच्या शिट्टीनं कुंदा अशी सैरभैर झाली की तासाभरातच, दुर्गला उतरावं लागलं. म्हणून मामानं विमानाची तिकिटं पाठवली. आमच्या घरातलं कुणी तोवर विमानाच्या जवळही गेलं नव्हतं. बाबांनी ते तिकीट उघडून दिव्याखाली धरलं, दोनदा वाचलं, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "विलास, तुले जमन काय हिले तयार कराले?" त्यांच्या आवाजात विनंती होती. मी ती प्रथमच ऐकत होतो. मी म्हणालो, "जमन."

आणि सुरुवातीचे पंधरा दिवस मी ते काम जीव लावून केलं, हेही खरं आहे. इंजिनच्या आवाजासाठी मी कुंदाला बिसाहू भैयाच्या चक्कीवर नेऊ लागलो. आधी गल्लीच्या मध्यापर्यंत, मग ओट्यापर्यंत, मग थेट दारात. पिठानं पांढरा झालेला तो भला माणूस पट्टा हळू करून हाक मारी, "आ जा नोनी, झन डर्रा! मशीन हे, काटही नहीं." घाबरू नको पोरी, यंत्र चावत नाही. ती घाबरत घाबरत "एक" म्हणे आणि तो पीठभरल्या हातांनी टाळ्या वाजवी. पुढच्या खोलीत आम्ही खुर्च्या एकामागे एक मांडल्या. माझ्या शाळेच्या गणवेशाचा पट्टा तिच्या कमरेशी बांधला. कानांत दडे बसतील म्हणून मामानं चघळायला काहीतरी द्या असं लिहिलं होतं. त्यासाठी आईनं चिंचेच्या गोळ्या वळून ठेवल्या आणि त्यातल्या निम्म्या सरावातच संपल्या. विमानतळावर सामान एका यंत्राच्या पेटीतून जातं, अंगावरचं धातूचंही त्यातच घालावं लागतं, असंही मामानं कळवलं होतं. म्हणून रेडिओच्या दुकानातून एक मोठं खोकं आणून मी त्याची दोन्ही तोंडं कापली. पळी या तोंडानं आत, त्या तोंडानं बाहेर. हा सगळ्यात अवघड धडा होता आणि मी तो सगळ्यात शेवटी ठेवला होता.

संध्याकाळी बाबा त्या खेळात उतरत. डोक्यावर आईचा खाकी झोळा टोपीसारखा घालून दारात उभे राहत आणि गर्जत, "रुकिये! सामान इधर रखिये!"

"अहो, इतकं काय ओरडून राहिले!" आई म्हणे. "खरा पोलीसही असा नसन. पोट्टी दचकते ना."

"दचकून नाही राहिली. हासून राहिली. पाहा."

कुंदा खरंच हसत होती. आणि बाबाही. माझ्या बापाला समोरचा एक दात नाही हे मला त्या दिवशी कळलं, कारण त्याआधी ते कधी इतके हसलेच नव्हते. त्यांनी प्रवासासाठी नवा शर्ट शिवायला टाकला होता. ऑफिसात, देवळात, चक्कीवर, जो भेटेल त्याला सांगत होते, "माझी कुंदा शाळेत जाणार." मी खुर्चीत बसून त्यांच्याकडे पाहत होतो. तिथंच, ते हसत असतानाच, मला ती सापडली. बंबात घालायची गोष्ट.

शेवटचे तीन दिवस उरले होते. दुपारी बाबा ऑफिसात असत आणि आई शेजारी पापड लाटायला जाई. मी खोकं मधे ठेवलं. कुंदानं, माझ्यावरच्या विश्वासानं, पळी माझ्या हातात दिली. मी ती खोक्यात सरकवली, दुसऱ्या बाजूनं हात घालून अलगद माझ्या खिशात टाकली आणि रिकामं खोकं तिला दाखवलं. ती किंचाळली. मी थांबलो. घड्याळाचा मोठा काटा अर्धं वर्तुळ फिरेपर्यंत थांबलो, आणि मग पळी देवघरात सापडल्यासारखी आणून दिली. तिनं गाल पुसत बोट वर केलं. "एक." दुसऱ्या दिवशी तेच, त्याच शब्दांत. "दोन." तिसऱ्या दिवशी ती रडलीदेखील नाही. रिकाम्या खोक्यात डोकावून बघितलं, त्याच्या पुठ्ठ्यावर बोटानं टकटक केलं आणि धडा पाठ झाल्यासारखं म्हणाली, "तीन. पेटी खाते." माझ्या मनात त्या वेळी दया आली होती का, हे मी स्वतःला अनेकदा विचारलं आहे. आली नव्हती. मी मनातल्या मनात मैदानावरचे ते वीस आकडे मोजत होतो. संध्याकाळी बाबांनी विचारलं, "पेटीचं झालं काय?" मी म्हणालो, "पक्कं झालं."

विमानतळावर निरोप द्यायला आलेल्यांसाठी एक कठडा होता. त्याच्यामागे मी उभा राहिलो. बाबा दोघींना मुंबईत पोचवून परतणार होते. नव्या शर्टाची घडी अजून त्यांच्या पाठीवर उमटलेली दिसत होती. विमानाचा आवाज आला तेव्हा कुंदानं कानांवर हातसुद्धा नेले नाहीत. चक्कीचा धडा तिनं चोख सांभाळला. बाबांनी वळून माझ्याकडे बघितलं आणि अभिमानानं मान हलवली. मग ती यंत्रापाशी पोचली. तिथली वर्दीतली बाई मायाळू होती. खाली वाकून म्हणाली, "बेटा, चम्मच इधर रख दो. उधर से वापस मिल जाएगा."

"पेटी खाते," कुंदा म्हणाली.

बाबा हसले. त्यांनी प्रेमानं तिची मूठ उघडायचा प्रयत्न केला. त्यानंतरचं मी थोडक्यात लिहितो. ते विस्तारानं लिहिण्याचा अधिकार मी गमावला आहे. ती जमिनीवर पडली, डोकं आपटलं, बाबांच्या मनगटाला रक्त येईपर्यंत चावली, आणि पुन्हा पुन्हा एकच वाक्य ओरडत राहिली. वर्दीतली बाई घाबरून म्हणाली, "रहने दो, चम्मच हाथ में ही रहने दो," पण तोवर उशीर झाला होता. या स्थितीत मुलीला बसवता येणार नाही, असं विमानाच्या लोकांनी हात जोडून सांगितलं. आईनं तिला पदरात गुंडाळलं. बाबा तिथंच फरशीवर बसले. मी कठड्यामागून सगळं बघत होतो आणि माझ्या छातीत काहीतरी अतिशय गोड असं पसरत होतं. मी मनात म्हणालो, पाणी तापलं.

परतीच्या जीपमध्ये आई कुंदाचं कपाळ पदरानं पुसत राहिली. विमानतळाजवळच्या माना गावाच्या रस्त्यावर बाबांनी विचारलं, "विलास, पेटी खाते म्हणजे काय म्हणत होती रे ते?"

"मले काय मालूम," मी म्हणालो.

शाळेतली जागा गेली. मामानं पुन्हा विचारलं नाही आणि बाबांनीही विषय काढला नाही. कुंदाला नवं काही शिकवायचं निघालं की ते मान हलवून म्हणत, "राहू दे. हिले नाही जमत." ती कधीच शाळेत गेली नाही. पण मला खरी शिक्षा झाली ती आठवडाभरानं. संध्याकाळी अंगणात बाबा वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक लांब वस्तू घेऊन माझ्यासमोर उभे राहिले. नवी बॅट होती. म्हणाले, "तुही बॅट जाळाले नको होती मी. लेकरावर राग काढला. अन् तू तं बहिणीसाठी इतका जीव ओतला. माफ कर बापाले." त्यांच्या मनगटावर दातांची जखम होती. मला फक्त तोंड उघडायचं होतं. मी बॅट घेतली. आणि, हे वाचून कुणी मला क्षमा करण्याची घाई करू नये म्हणून लिहितो, त्या बॅटनं मी दोन हंगाम खेळलो.

आता कुंदा माझ्याकडे असते, रायपुरातच, तेलीबांध्याच्या आमच्या फ्लॅटमध्ये. तिचे केस माझ्याहून पांढरे झाले आहेत. पळी घासून इतकी पातळ झाली आहे की तिच्या कडेनं बोट कापावं. माझी मुलगी पुण्यात असते. यंदा तिला मुलगी झाली आणि बारशाचं ठरलं. फोनवर तिनं बजावलं, "पापा, बुआ को लिए बिना आना मत. मेरे कान में मेरा नाम उसीने बोला था." आणि वर म्हणाली, "फ्लाइट से आओ. आजकल सब हो जाता है."

पुन्हा खुर्च्या मांडल्या. चक्कीच्या जागी बायकोनं मिक्सर फिरवला. टीव्हीचं खोकं मी दोन्हीकडून कापलं आणि मधे ठेवलं, तशी कुंदा खोलीबाहेर जाऊन भिंतीला चिकटली. "पेटी खाते."

बायको चकित झाली. "हे काय म्हणून राहिली आता? कोण्या पेटीनं काय खाल्लं?"

"मले काय मालूम," मी म्हणालो. तेच वाक्य, तसंच, पस्तीसेक वर्षांनी. तेव्हा वचपा काढताना मी लहान होतो, असं स्वतःला सांगत आलो होतो. पण हे वाक्य बोलणारा माणूस लहान नव्हता. त्या रात्री नाही, त्या आठवड्यातही नाही; मी आणखी पंधरा दिवस गप्प राहिलो. लाकडी चमचा तीनदा खोक्यातून आरपार गेला. कुंदानं "तीन" म्हटलं. पण तो धडा चमच्याचा होता. पळी तिनं खोक्याजवळ आणलीच नाही.

विमानतळावर, पट्ट्यापाशी, ती थांबली. मागे रांग होती. बायको पलीकडे पोचली होती. तपासणीची मुलगी सौजन्यानं म्हणाली, "आंटी, ट्रे में रख दीजिए." कुंदानं मूठ छातीशी घेतली आणि ओठ हलू लागले. ते शब्द बाहेर पडण्याआधी मला बोलणं भाग होतं.

"कुंदा, पळी मी लपवली होती," मी म्हणालो. "पेटीनं नाही खाल्ली. माझं चुकलं. माफ कर."

तिनं माझ्याकडे बघितलं. ती सहसा कुणाकडे बघत नाही. मग बोट वर केलं. "एक."

रांगेतल्या लोकांचे डोळे मला मानेवर जाणवत होते. मी आवाज खाली आणला. "कुंदा, पळी माझ्याजवळ राहिली होती..."

"नाही," ती म्हणाली. मान हलवली.

मी तेच शब्द म्हटले जे आधी म्हटले होते. "लपवली"सुद्धा. "दोन," ती म्हणाली. मूठ उघडली, पळी ट्रेमध्ये ठेवली, पण तिचं एक बोट पळीवरच राहिलं. पट्टा थांबलेला होता. मागून कुणीतरी विचारलं, "क्या हुआ भाईसाहब?" बायको पलीकडून परत वळून आमच्याकडे बघत होती. मी मैदानावर उठाबशा मोजल्या होत्या तशा मोठ्या आवाजात, सगळ्यांना ऐकू जाईल असं, तिसऱ्यांदा म्हणालो:

"कुंदा, पळी मी लपवली होती. पेटीनं नाही खाल्ली. माझं चुकलं. माफ कर."